व्हेरी एनॉर्मस म्हणायचं नाही

कोपर, डोंबिवली (प.)
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

संचिता,

तू मला फोनवर ब्लॉक केलंयस, म्हणून कागद. कागदाला ब्लॉक करायचं बटण नसतं. फाडता येतो, पण निदान फाडायला हातात तरी घ्यावा लागतो.

हे पत्र आई तुला देईल. ती तीन वर्षं दर मंगळवारी ठाण्याला 'दाताच्या डॉक्टरकडे' जाते. मी एकदाही विचारलं नाही, की अगं शकू, बत्तीस दातांना तीन वर्षं लागतात का? हल्ली येताना तिच्या साडीला बेबी पावडरचा वास येतो. दवाखान्यात कोण लावतं पावडर? मी गप्प बसतो. ती आंघोळीला गेली की तिच्या मोबाइलमधले फोटो बघून घेतो. सेरेना, पाच महिन्यांची. नाक आपल्या घरातलं आहे, हे ओवेनच्या घरच्यांना आत्ताच सांगून ठेव.

आता मुद्द्याचं. २३ नोव्हेंबरला सेरेनाचा बाप्तिस्मा आहे आणि नंतर कोलशेतला पार्टी आहे, असं कळलं. कुठून कळलं ते विचारू नकोस. पार्टीत टोस्ट उचलतात. कोणीतरी हातात ग्लास घेऊन उभं राहायचं, बाळाबद्दल चार शब्द इंग्लिशमध्ये बोलायचे, मग सगळ्यांनी ग्लास वर करायचे. तो टोस्ट मला दे.

तू म्हणशील, लग्नात दिलेला त्याचं काय केलंत? अगं, त्या दिवशी खरंच लोड होता. पवनचक्कीचं पातं, साठ मीटर लांब. दुपारी चार वाजता शिळफाट्यावरून काढायचं होतं. तीस वर्षं मी असल्या ट्रेलरच्या पुढे बांबू घेऊन चालतोय. वायर आडवी आली की बांबूने उचलायची, ट्रेलर खालून जाऊ द्यायचा, परत पुढे पळायचं. तुझा बाप नसेल तर पातं तिथेच राहतं. दुसरा माणूस नव्हता, म्हणून मी लग्नाला पोचू शकलो नाही. ओवेन ख्रिश्चन आहे म्हणून मी आलो नाही, असं तुझ्या डोक्यात बसलंय. ते काढ. मुलगा मला पहिल्या दिवसापासून पसंत होता. जरा बारीक आहे, एवढंच.

मी इंग्लिश शिकतोय. हसू नकोस. आपल्या वरच्या मजल्यावरच्या विमलाबाई, शाळेत चौतीस वर्षं इंग्लिश शिकवून रिटायर झाल्या. त्या रोज संध्याकाळी एक तास घेतात आणि साठीच्या माणसालाही कान धरायला कमी करत नाहीत.

पत्राला उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालतील.

तुझा पप्पा


कोपर
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

संचिता,

आईने येऊन सांगितलं, "डॉक्टर म्हणाले विचार करते." दाताचा डॉक्टर 'करते' म्हणतो? आईला म्हटलं, डॉक्टरांना सांग, पेशंट वाट बघतोय. ती लाजून किचनमध्ये पळाली. काय मजा आली!

अभ्यासाचं सांगतो. मी टोस्ट लिहायला घेतलेला. पहिलंच वाक्य, सेरेना इज व्हेरी बिग हॅपिनेस. बाईंनी लाल पेनने 'बिग'भोवती गोल काढला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "मारुतराव, इंग्रजीत मोठ्याचं अख्खं खटलं नांदतंय आणि तुम्ही एकट्या बिगलाच राबवताय!"

मग त्यांनी एकेकाची ओळख करून दिली. ह्यूज म्हणजे घरातला थोरला, कुठल्याही कामाला बोलवा, येतो. एनॉर्मस त्याच्या वरचा, बघितल्यावर भुवया वर जातात तो. जायगँटिक राक्षसांच्या घराण्यातला. मॅसिव्हमध्ये वजन पाहिजे. आणि व्हास्ट म्हणजे आडवं पसरलेलं. मैदान व्हास्ट, समुद्र व्हास्ट, पण हत्तीला व्हास्ट म्हणायचं नाही.

मी म्हटलं, "बाई, एवढंच ना? हे सगळे मी रस्त्यावर बघितलेत. दोनशे टनांचा ट्रान्सफॉर्मर, तो मॅसिव्ह. तो आला की पुलाला धडकी भरते. पवनचक्कीचं पातं जायगँटिक. वजनाला काही नाही, पण वळणावर रडवतं. आणि कोलशेतची खाडी व्हास्ट." बाई टाळी वाजवून म्हणाल्या, "चौतीस वर्षांत एकाही पोराने असं सांगितलं नाही!" मला एकदम शाळेत पहिला आल्यासारखं वाटलं. मी कधी आलो नव्हतो.

मग माती खाल्ली. खूश होऊन म्हटलं, व्हेरी एनॉर्मस. बाई ओरडल्या, "व्हेरी एनॉर्मस म्हणायचं नाही! एनॉर्मसमध्ये व्हेरी आधीच शिजलेलं असतं. वरण वाढून झाल्यावर वर परत डाळ टाकतो का आपण?" पटलं. पण जिभेला सवय लागलीय, ती सुटत नाही. व्हेरी ह्यूज, व्हेरी मॅसिव्ह, सगळ्यांच्या डोक्यावर टोपी घालतो.

एका शब्दावरून भांडण झालं. इमेन्स. बाई म्हणतात, जे मोजता येत नाही इतकं मोठं, ते इमेन्स. मी म्हटलं, मोजता येत नाही असं काही नसतं बाई, टेप कमी पडली असेल. त्या म्हणाल्या, "कळेल तुम्हाला."

ट्रान्सफॉर्मरवरून आठवलं. परवा एक गेला, बहात्तर चाकांचा ट्रेलर. दिवसा त्याला हलू देत नाहीत. शिळफाट्यावर असला ट्रेलर दिवसा कधीच हलत नाही, कडेला लावून ठेवतात. येणारेजाणारे सेल्फी काढतात. मी मध्ये उभा राहतो, फोटो चांगला येतो. तुला लहानपणी घेऊन गेलेलो तेव्हा तू चाकं मोजत बसलेलीस आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा.

टोस्टचं काय ते कळव.

पप्पा


कोपर
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

संचिता,

पकडलंस.

आईच्या डब्यातून तुझी चिठ्ठी आली. एकच ओळ. "दिवसा ट्रेलर हलत नाही, तर लग्नाच्या दिवशी चार वाजता कसा हलला?" मी ती वाचली, डबा परत लावला आणि दोन आठवडे तुला काही लिहिलं नाही. बाईंकडेही गेलो नाही. त्या स्वतः खाली आल्या, म्हणाल्या, काय झालं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांगा."

तर ऐक. त्या दिवशी काही लोड नव्हता.

म्हणजे पातं होतं. शिळफाट्याला कडेला उभं होतं. ते दुसऱ्या दिवशी रात्री जायचं होतं आणि माझी सुट्टी आधीच मंजूर झालेली.

साखरपुड्याला आठवतं? ओवेनचा तो चुलतभाऊ, बहारीनवाला फ्लेव्हियन, कोट घालून सगळीकडे फिरत होता आणि फाडफाड इंग्लिश बोलत होता. ओवेनचे वडील टेरेन्स, त्यांची आई व्हिक्टोरिया, बाकीची मंडळी, सगळे समोर बसलेले, एक शब्द बोलत नव्हते. मी शकूला कानात म्हटलं, बडे लोक आहेत, आपल्याशी काय बोलणार. मग फ्लेव्हियनने छापलेला कार्यक्रम माझ्या हातात दिला. त्यात लिहिलेलं, टोस्ट, फादर ऑफ द ब्राइड. म्हणाला, "ओन्ली टू मिनिट्स, अंकल, इन इंग्लिश." मी म्हटलं, येस येस. अगं, मला काय कळलेलं, मी दुसरं काय म्हणणार?

दीड महिना मी पाठ करत होतो. गाडीत, रस्त्यावर, बांबू हातात असताना. लग्नाच्या दिवशी तुम्ही सगळे बसने पुढे गेलात. मी म्हटलं, बाइकने मागून येतो. नवा सूट, टाय. शिळफाट्याला आमच्या ट्रेलरचा ड्रायव्हर मधु केबिनमध्ये बसलेला. म्हटलं, जाता जाता याला एकदा म्हणून दाखवतो. लेडीज अँड जंटलमन म्हटलं आणि पुढचं काही आठवेना. परत सुरू केलं, परत अडकलो. मधु म्हणाला, "उस्ताद, पाणी प्या." बाटली उघडली आणि अर्धं पाणी टायवर सांडलं. दोनशे टनांच्या पुढे चालताना हा हात कधी हलला नाही, संचिता.

डोळ्यासमोर ते सगळे बडे लोक, हातात ग्लास, आणि मी मध्ये बोबडं बोलतोय. मला वाटलं, माझ्या पोरीला त्या घरात जन्मभर राहायचंय आणि पहिल्याच दिवशी तिच्या बापामुळे तिची मान खाली जाणार. त्यापेक्षा बाप न आलेला बरा. चार वाजता आईला फोन केला, लोड अडकलाय. आणि दिवे लागेपर्यंत सूट घालून केबिनमध्ये बसून राहिलो.

टोस्ट एक बाजूला. पण तुला हाताला धरून चर्चच्या दारातून आत न्यायचं होतं, तिथे एक शब्दही बोलायचा नव्हता, आणि मी तेही केलं नाही. आई म्हणाली, तू वीस मिनिटं दारात थांबलीस.

मी घाबरट आहे. ओवेनवर राग, धर्म, जात, काही नाही. घाबरलो आणि पळालो. आणि मग तीन वर्षं तू मला जातवाला समजलीस, ते मी समजू दिलं. कारण घाबरट म्हणवून घ्यायची लाज वाटली. यापेक्षा लाजेची गोष्ट असेल तर मला माहीत नाही.

टोस्ट दे, नको देऊ. पण खरं काय ते तुला कळलं पाहिजे होतं.

पप्पा


कोपर
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

संचे,

तुझी दुसरी चिठ्ठी मिळाली. "टोस्ट तुमचा. इंग्लिशमध्येच बोलायचं. एक शब्द मराठी बोललात तर ग्लास काढून घेईन."

वाचून मी आईच्या समोर नाचलो. खरंच नाचलो. खालच्या मजल्यावरून विचारायला आले, काय पडलं का?

पण थांब. तुझी लबाडी पण मला कळलीय.

गेल्या बुधवारी कोलशेत रोडला कामाला गेलेलो. तिथल्या एका कारखान्यात मशिन जायचंय, त्याच्या आधी रस्ता मोजावा लागतो. वायरी किती उंच, वळण किती रुंद. एका गल्लीच्या तोंडाशी केबल खाली लोंबत होती, ती बांबूने उचलून बघत होतो. तेवढ्यात मागून आवाज आला, "ए बाबा! ती वायर सोड! माझी सिरियल जाल!" वळून बघतो तर व्हिक्टोरिया आजी, पाटीत सुकट घेऊन उभ्या. आणि माझ्याकडे नीट बघून म्हणतात, "तू तं आमचे संचिताचा बापूस!"

पळायला बाइक लांब होती, नाहीतर खोटं कशाला बोलू, पळालो असतो. त्यांनी हाताला धरून घरात नेलं. टेरेन्स बनियनवर जाळं शिवत बसलेले. मी घाम पुसत म्हटलं, "गुड मॉर्निंग, सर." ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "ओ व्याही, मना कशाला सर करता? बसा. फुगे खाल?"

संचे, ते माझ्याहून मराठी आहेत!

फुगे म्हणजे ते गोल तळलेले पाव, तू आता रोज खात असशील. मी अकरा खाल्ले. खाता खाता धीर करून विचारलं, साखरपुड्याला तुम्ही एक शब्द का नाही बोललात? टेरेन्स खाली बघून हसले. म्हणाले, "तुमी डोंबिवलीवाले. तुमचं मराठी पेपरात छापल्यासारखं. आमी तोंड उघडलं तं तुमी हसाल, आमचे ओवेनची लाज जाल. म्हणून मीच सगल्यांना सांगितलेलं, गप बसा, फ्लेव्हियनला बोलू द्या."

म्हणजे ते मला घाबरत होते! मला! मी, ज्याला विमलाबाई रोज म्हणतात की मारुतराव, तुमचं मराठी ऐकून कानात बोटं घालावीशी वाटतात!

मी हसायला लागलो, ते हसायला लागले. आजींना कळेना काय झालं, पण त्या पण हसल्या. मग मी त्यांना शिळफाट्याचं सगळं सांगितलं. टेरेन्सनी जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "व्याही, आमचे घरात इंग्लिश फक्त त्या बहारीनवाल्याला. आई तं दर लग्नात टोस्टला झोपते. तुमी मराठीत बोला." सेरेनाला घेऊन तू डॉक्टरकडे गेलेलीस. मी तू यायच्या आत निघालो. मीच तुला कळवीन म्हटलं, तोवर ती दोघं बोलणार नाहीत, शब्द दिलाय.

तर बाईसाहेब, तुम्हाला हे सगळं माहीत होतं. त्या घरात तीन वर्षं राहताय. तरी चिठ्ठी पाठवलीत, इंग्लिशमध्येच बोला! बापाला तव्यावर नाचवतेस काय गं?

पण बरोबर केलंस. ज्याच्यापासून पळालो त्याच्याच समोर उभं राहायला पाहिजे. तुझी अट मान्य. रोज दोन तास बसतोय. बाईंनाही घेऊन येतो, चालेल ना? त्यांनी साडी काढून ठेवलीय.

तुझा,
अजून व्हेरी न सुटलेला,
पप्पा


कोलशेत, ठाणे
मंगळवार, २५ नोव्हेंबर २०२५

पप्पा,

आई दातांसाठी आलीय. तिच्याकडेच हे देतेय. तुमचा नंबर परवाच अनब्लॉक केला, पण तुम्ही पाच कागद लिहिलेत... चार, मोजले परत. म्हणून एक तरी माझ्याकडून.

रविवारी तुम्ही उभे राहिलात तेव्हा मी ओवेनचा हात इतका घट्ट धरलेला की त्याच्या बोटावर अंगठीचा वळ उठला. तोच सूट. तुम्ही तो आणलात हे बघूनच मला कसंतरी झालं. विमलाबाई मागच्या टेबलावर तुमच्याबरोबर ओठ हलवत होत्या. टेरेन्स डॅडींनी फ्लेव्हियनचा माइक काढून घेतलेला, मध्ये बोलू नये म्हणून.

आणि तुम्ही म्हणालात, "लेडीज अँड जंटलमन, थ्री इयर्स अगो आय रॅन अवे फ्रॉम धिस ग्लास."

आजी, मांडीवर सेरेनाला घेऊन, मला कोपराने ढोसून म्हणाली, "कय बोलतं तो?" पहिल्यांदाच ती टोस्टला जागी होती. मग काय, मी तिच्या कानात मराठी करत बसले. तुम्ही म्हणालात, "माय मिस्टेक वॉज नॉट बिग. इट वॉज व्हेरी कलोसल. सॉरी बाई. नो व्हेरी. कलोसल." लोक हसले. मी आजीला म्हटलं, चूक लय मोठी होती. मग तुम्ही म्हणालात, ओवेन्स फॅमिली हॅज एनॉर्मस हार्ट. मी म्हटलं, मन लय मोठं आहे. मग सेरेना इज ह्यूज जॉय, मी म्हटलं, लय मोठा आनंद. आजी वैतागली. "सगलंच लय मोठं? मंग इतके शब्द कशाला शिकला तो?"

मी हसत होते पप्पा. तोपर्यंत मी मस्त होते.

मग तुम्ही कागद न बघता म्हणालात, "माय डॉटर वेटेड अ‍ॅट द चर्च डोअर. ट्वेंटी मिनिट्स. आय मेजर ब्रिजेस, आय मेजर रोड्स, थर्टी इयर्स. धिस ट्वेंटी मिनिट्स आय कॅनॉट मेजर."

आजीने परत ढोसलं. मी तोंड उघडलं, "म्हणतात की ती दारात..." आजीने माझा हात धरला. म्हणाली, "हे नको सांगू. मना ठावं हाय. मीच उभी होती तुझ्याबरोबर."

मग तुम्ही ग्लास वर केलात, सगळ्यांनी केले, आणि मी केला नाही कारण माझे दोन्ही हात डोळ्यांवर होते. तुम्ही तिथून माझ्याकडे बघत होतात ते मला दिसत होतं. तुम्हाला वाटलं असेल, ही अजून रागावलीय. म्हणून लिहितेय.

त्या दिवशी दारात वीस मिनिटं मी काय करत होते ते तुम्हाला आईनेही सांगितलेलं नाही, कारण तिलाही माहीत नाही, ती गेटपाशी तुमची वाट बघत होती. ऑर्गन थांबलेला, आत सगळे माना वळवून बघत होते. फादर दोनदा येऊन गेले, कोणी विचारत होतं वडील कुठे आहेत, कोणी म्हणालं आले नाहीत वाटतं, हिंदू आहेत ना ते. मला ते सहन होईना. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने सांगितलं, माझे पप्पा तसे नाहीत, त्यांचा लोड अडकलाय. आजीने विचारलं, कुठे? माझ्या तोंडाला जे आलं ते बोलले. शिळफाट्याला.

त्यानंतर पाच मिनिटांनी आईचा फोन वाजला. पप्पांचा होता. आई माझ्याकडे येऊन म्हणाली, अगं, त्यांचा लोड अडकलाय म्हणे, शिळफाट्याला.

दिवसा ट्रेलर हलत नाही हे माहीत असून, तुम्ही थाप मारायच्या आधीच मी तीच थाप मारून बसलेले पप्पा. म्हणून तर मला त्याच क्षणी कळलं की ती थाप आहे, आणि वाटलं, मग लोक म्हणतात तेच खरं असणार.

संचिता

ता. क. सेरेना उठलीय. हा कागद मिळाला की लगेच निघा. आजीने फुगे करायला घेतलेत, तेवीस. त्यातले अकरा तुमचे.